ट्राइक २५ च्या पुढे गेली की डुलते, ठीक केली की महिन्याभरात परत तेच

आधी प्रॉब्लेम नीट सांगतो (ट्राइक म्हणजे तीन चाकांची, पेडल मारून चालवायची सायकल), कारण मला हा त्रास सुरू झाला तेव्हा नेमकं काय शोधायचं हेच कळत नव्हतं. सपाट रस्ता, वारा नाही, आणि स्पीड ताशी २५-२६ किलोमीटरच्या वर गेला की गाडी डावी-उजवी हलकी हलकी डुलायला लागते, साप जातो तशी, आणि आपण सावरायला गेलो की अजून जोरात डुलते. १५-१८ ला एकदम शहाणी. ब्रेक दाबला की जरा एका बाजूला ओढते. काहीतरी दुरुस्ती करावी, आठ-पंधरा दिवस बरी चालावी आणि मग परत तेच. माझं हे चार वेळा झालंय आणि चारही वेळा मी वेगळ्याच गोष्टीला दोष दिला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी आधीची ट्राइक डेल्टा होती, म्हणजे पुढे एक चाक, मागे दोन, सीट खुर्चीएवढी उंच. पाच वर्षं चालवली. रत्नागिरीहून भाट्याचा पूल, झरी विनायक, वरचा घाट चढून गोळपचा सडा (कातळाचं पठार) आणि पुढे पावस, ह्या रस्त्यावर तिने मला कधी दगा दिला नाही, पण १५ च्या वर जायचं नावही घेतलं नाही. नवीन घेतली ती टॅडपोल. पुढे दोन चाकं, मागे एक, सीट जमिनीपासून वीतभर, पाठ बऱ्यापैकी मागे रेललेली. आमच्या आळीत तिला 'आरामखुर्ची' म्हणतात आणि असल्या गाड्या स्लो असणार असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. त्यांना मी सांगतो की १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉरने पॅरिसला असल्याच झोपून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर काढले होते, आणि पुढच्याच वर्षी सायकलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ह्या प्रकाराला रेसमधून बाहेर काढलं. कोणी ऐकत नाही, सोडा.

तर पहिल्याच आठवड्यात डुलणं सुरू. पहिला संशय टायरवर. हवा बघितली तर एका पुढच्या चाकात ६० आणि दुसऱ्यात ४५. म्हटलं सापडलं! पुढच्या दोन चाकांत हवा कमी-जास्त असली की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढतेच, त्यात खोटं काही नाही, म्हणून दोन्ही सारखी केली आणि ओढणं गेलं. डुलणं कमी झाल्यासारखं वाटलं. "वाटलं" हा शब्द लक्षात ठेवा, कारण खरं म्हणजे त्या दिवसापासून मी जरा सैल बसून चालवायला लागलो होतो, आपण दुरुस्ती केलीय ह्या भरवशावर.

ह्यातून एक गोष्ट शिकलो ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं केलं तरी चालेल. काहीही खोलायच्या आधी एक टेस्ट करा. हलका, सरळ, रिकामा उतार शोधा. आपल्याकडे सड्यावर असे तुकडे मिळतात, सकाळी सहा-साडेसहाला जा, गुरं सुटायच्या आधी. गाडी २५-३० वर जाऊ द्या आणि पेडल मारणं पूर्ण बंद करा, पाय स्थिर. हँडल नुसतं बोटांनी धरा, अंडं धरल्यासारखं. आता काय होतं बघा. गाडी सरळ गेली आणि पेडल मारायला लागल्यावरच डुलली तर दोष तुमच्यात आहे, पाना हातात घेऊ नका. पेडल न मारताही डुलली किंवा भरकटली तर दोष गाडीत आहे. आणि दोन्ही ठीक, फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते, तर ब्रेक बघा. पाच मिनिटांचं काम. मला हे सुचायला तीन महिने लागले.

माझ्या बाबतीत पहिल्यांदा केली तेव्हा उत्तर आलं: दोष माझ्यात. मग काय काय निघालं ते सांगतो.

पेडलपासून सुरू करू. जुन्या गाडीवर मी जड गिअरमध्ये हळूहळू दाबत चालवायचो, मिनिटाला पन्नासेक फेरे. रिकम्बंटवर, म्हणजे असल्या रेलून चालवायच्या सायकलवर, पाठीला टेकण असतं त्यामुळे पाय कितीही जोरात रेटता येतो, उभ्या सायकलवर वजनाने दाबतो तसं नाही, इथे भिंतीला पाठ लावून कपाट ढकलल्यासारखं होतं. उजवा पाय रेटला की कंबर सीटवर जराशी फिरते, खांदा फिरतो आणि खांद्यामागून हात. माझ्या नव्या गाडीचं स्टिअरिंग डायरेक्ट आहे, हँडल थेट चाकाच्या किंगपिनला (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ) जोडलेलं, मध्ये कुठली दांडी नाही, त्यामुळे हाताचा हिसका जसाच्या तसा चाकात उतरतो. उजवा पाय, डावा पाय, उजवा, डावा, गाडी त्याच तालावर डुलते. ह्याला इलाज एकच, गिअर हलका ठेवा आणि फेरे वाढवा. ५० चे ८५ केले तर तेवढ्याच ताकदीच्या कामाला प्रत्येक दाबात जोर साधारण साठ टक्केच लागतो, हिशोब साधा आहे. पहिले काही दिवस पाय नुसते फिरताहेत असं वाटतं, सशासारखं, पण होते सवय. आणि गुडघ्यांनाही हेच बरं, कारण पाठ टेकून जड गिअर रेटत बसलं की गुडघे पहिली तक्रार करतात. मला उजव्या गुडघ्यात आठ दिवस कळ होती ती ह्यानेच गेली.

मग म्हणाल १५ ला का डुलत नव्हती? पाय तेच, हात तेच. तर भौतिकशास्त्र, दुसरं काही नाही. चाक तेवढंच वळवलं तरी बाजूला फेकणारा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. स्पीड दुप्पट, जोर चौपट. १५ ला जो हिसका पोटातलं पाणी हलू देत नव्हता तो ३० ला चौपट होऊन येतो, आणि आपण घाबरून उलटीकडे ओढतो तो हिसका पण चौपट. म्हणून सावरायला गेलं की वाढतं. डुलायला लागली की सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पेडल थांबवा, हात सैल सोडा, ती आपोआप सरळ होते. हे लिहायला सोपं आहे, माझ्या हातांना पटायला दीड महिना गेला.

आता मानेचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या मते निम्मा प्रॉब्लेम इथेच होता. पाठ एवढी रेललेली की रस्ता बघायला मान उचलून धरावी लागायची, हेडरेस्टला टेकवली तर आपल्या रस्त्यांवर डोकं असं थडथडतं की समोरची म्हैस दोन दिसते. मग मी काय करायचो तर हँडलला धरून मान वर उचलायचो. म्हणजे हँडल हे वळवायचं साधन न राहता लोंबकळायचा आधार झालं! एकदा मुद्दाम गाडी उभी असताना तसा बसलो आणि हाताकडे बघितलं तर बोटांची पेरं पांढरी पडलेली. सीट एक घर उभी केली, थोडं वारं जास्त खाते आता, खाऊ दे, पण हात मोकळे झाले. कोपर अंगाला चिकटवून ठेवा, मनगट सैल. एसटी मागून हॉर्न देत आली की अजूनही माझी मूठ आवळते, तो भाग वेगळा.

आणि नजर. इतक्या खाली बसलं की स्पीड दुप्पट वाटतो आणि डोळे चाकाच्या पुढ्यातल्या दहा फुटांवर जातात. मग प्रत्येक खड्डा ऐन वेळी दिसतो, प्रत्येक खड्डा हिसका मारून चुकवला जातो. लांब बघा. वर टॅडपोलची गंमत अशी की तिच्या चाकांच्या तीन वेगळ्या रेषा पडतात, पुढच्या दोन चाकांच्या मधून खड्डा काढला म्हणून खूश व्हावं तर मागचं चाक बरोबर त्यातच. खड्डा पूर्ण एका बाजूला टाकायचा किंवा स्पीड कमी करून सरळ वरून न्यायची, मधला मार्ग नाही.

हे सगळं जमल्यावर गाडी सुतासारखी सरळ झाली. मी खूश. आणि बरोबर तीन आठवड्यांनी परत डुलायला लागली.

ह्यावेळी टेस्ट केली तर पेडल न मारतासुद्धा भरकटत होती. म्हणजे आता खरंच गाडी. इथून पुढे पाना-पक्कड.

सगळ्यात आधी प्ले, म्हणजे सैलपणा, बघा. पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा, खटखट लागलं तर चाकाचं किंवा किंगपिनचं बेअरिंग ढिलं. मग चाक पुढून आणि मागून धरून हलवा, हँडल दुसऱ्या कोणाला तरी घट्ट धरायला लावा, त्यात खटखट असेल तर टाय रॉडच्या (पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारी दांडी) टोकांचे बॉल जॉइंट ढिले. आपल्याकडे खाऱ्या हवेने हे जॉइंट लवकर जातात. समुद्राकाठच्या रस्त्यावरून आलात, जेटीवर उभी केलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा आणि पुसा, पण पाइपाचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, पाणी आत जातं. माझ्या गाडीत प्ले नव्हता.

मग अलाइनमेंट, म्हणजे टो. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर पाहिजेत, किंवा पुढच्या बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत झुकलेली. बाहेर झुकलेली असली तर गाडी सरळ जायला तयारच होत नाही, जरा काही झालं की भरकटते, शिवाय टायर घासून गुळगुळीत होतात आणि शांत रस्त्यावर चर्रर्र असा बारीक आवाज येतो. मोजायला काही महागडं लागत नाही. रिमच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, जमिनीपासून सारख्या उंचीवर, एकदा पुढे आणि एकदा मागे मोजायचं. टेप मध्ये झोळ खातो म्हणून मी दोन बांबूच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून रबर बँड लावले, सरकवून दोन्ही रिमना टेकवायच्या आणि पेनाने खूण करायची. हँडल सरळ पाहिजे, आणि शक्यतो कोणीतरी सीटवर बसलेलं पाहिजे कारण वजनाने माप थोडं बदलतं. माझं माप निघालं: पुढे ५ मिलिमीटर जास्त. म्हणजे चाकं बाहेर फाकलेली.

टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे असतात, त्यामुळे दोन्हीकडचे लॉक नट सैल केले की नुसता रॉड फिरवून लांबी कमी-जास्त होते. अर्धा फेरा द्या, मोजा, परत द्या. लॉक नट आवळायला विसरू नका. मी केलं, दीड मिलिमीटर आत आणून ठेवली, गाडी झक्कास. आणि महिन्याभरात चाकं परत बाहेर फाकलेली!

इथे माझं डोकं फिरलं. लॉक नट तर घट्ट. मग मोबाइलमध्ये तारखा चाळल्या, कधी कधी डुलायला लागली ते मी कॅलेंडरमध्ये टाकायचो, आणि दर वेळी त्याच्या आदल्या दिवशी काय होतं तर गुहागर. मी काय करतो, ओळखीचा एक छोटा हत्ती टेम्पो आहे, आंब्याच्या पेट्या नेतो-आणतो, त्यात ट्राइक टाकून गुहागरला जातो, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी चालवत परत. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता आणि घर. फेरीबोटीत ती ढकलतच चढते, काही प्रश्न नाही. पण टेम्पोत?

पुढच्या खेपेला उभा राहून बघितलं. चढवताना मी आणि ड्रायव्हर, फ्रेमला धरून, व्यवस्थित. गुहागरला उतरवताना मी दर वेळी पैसे द्यायला पुढे गेलेला असायचो. तिथला पोरगा फाळक्याशी उभा राहिला, सीटखाली हात घातला, हाताला जी दांडी लागली ती धरली आणि एका झटक्यात अख्खी गाडी खाली. ती दांडी म्हणजे टाय रॉड. त्याचा काय दोष, दिसतंच ते हँडल असल्यासारखं.

घरी येऊन रॉड काढला. गाडीवर असताना मडगार्ड आणि पिशवीच्या आड तो मला सरळच दिसत होता. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवून लोळवला तर तो लोळेना, डुगडुग करत अडखळत जायचा, मधोमध जवळजवळ सेंटीमीटरभर वाकलेला. ("अहो, ती पोळ्या लाटायची जागा आहे.") वाकला की त्याची दोन टोकांमधली लांबी अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी होते, ऐकायला काहीच नाही, पण स्टिअरिंगचा आर्म (किंगपिनपासून रॉडपर्यंतचा दांडा) बोटाएवढा आणि रिम हातभर, त्यामुळे रिमच्या कडेला तेच चार-पाच मिलिमीटर होऊन दिसतं. माझ्या गाडीत रॉड ॲक्सलच्या मागे आहे, म्हणून तो आखूड झाला की चाकांच्या मागच्या कडा आत येतात आणि पुढच्या फाकतात. आणि मी काय करत होतो, आटे फिरवून वाकड्या रॉडचीच लांबी भरून काढत होतो, पुढच्या खेपेला तो अजून थोडा वाकायचा. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून नवीन करून घेतला, थोड्या जाड दांडीचा, एका बाजूला डावे आटे हे त्याला तीनदा सांगितलं तरी पहिला दोन्हीकडे उजव्या आट्यांचाच आला.

बाकी ब्रेकचं थोडक्यात. पुढच्या दोन चाकांना वेगळे ब्रेक असतात, डावा लिव्हर डावं चाक, उजवा लिव्हर उजवं. हळू चालताना एक एक दाबून बघा, दोन्हीकडे ओढ सारखी पाहिजे. एकीकडे कमी असेल तर केबल ताणली गेलीय किंवा आतून गंजलीय, पावसाळ्यानंतर हे ठरलेलंच. जुन्या गाडीवर एका हाताने ब्रेक दाबून दुसऱ्या हाताने लोकांना नमस्कार करायची सवय असेल तर ती इथे सोडा, ३० ला एकच ब्रेक दाबला तर गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

वळणाचं पण. टॅडपोल उलटत नाही असं विकणारे सांगतात. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर १८ च्या स्पीडला बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दहा टक्के असतो, ३६ ला चाळीस टक्के, आणि तिथे आतलं चाक उचलायच्या बेतात येतं. वळणाच्या आधीच ब्रेक मारून स्पीड कमी करा, वळणात ब्रेक दाबला की मागचं चाक हलकं होऊन सरकतं. अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाका, चांगलं सीटच्या बाहेर जाईपर्यंत. पावसात आपल्या घाटरस्त्यांच्या कडेला शेवाळ धरतं, तिकडे जाऊच नका, आणि चढावर मागचं चाक जागीच फिरलं तर घाबरू नका, टॅडपोलमध्ये मागे वजन कमी असतं, गिअर बदलून सावकाश फिरवा.

पाय खाली टेकायचा नाही. हे मी वेगळ्या ओळीत लिहितोय कारण ह्यात हाड मोडतं. दुचाकीची सवय असते, घाबरलं की पाय जमिनीवर, आणि इथे पाय टेकला की टाच रस्त्यात अडकते, गाडी पुढे येते आणि पाय पुढच्या आडव्या दांडीखाली ओढला जातो. जुन्या गाडीवर मी चपला घालून चालवायचो, इथे पेडलला अडकणारे बूट किंवा निदान टाचेला पट्टा. बोटांना मुंग्या येत असतील तर बुटाची क्लीट (तळाचा पेडलला अडकणारा तुकडा) थोडी टाचेकडे सरकवा, पाय उंचावर असल्याने होतं तसं.

सध्या टाय रॉडला लाल टेप गुंडाळलाय. परवा गुहागरला तोच पोरगा होता, त्याला म्हटलं दादा, लाल आहे तिथे हात लावायचा नाही. तर म्हणतो, "मग काका, धरायचं खंय?" म्हणून फ्रेमच्या आडव्या दांडीला दोन्हीकडे आणि मागे सीटच्या खालच्या पाइपला हिरवा टेप लावलाय. दोन खेपा झाल्या, टो दीड मिलिमीटरवर जागेवर आहे. उजवा ब्रेक मात्र जरा मऊ लागतोय, केबल मागवलीय.